मधले अकरा दिवस

केंद्राची पन्नास वर्षं एका दिवसात वाजवून दाखवायची, ही कल्पना ताईंना सकाळी दात घासताना सुचली आणि चूळ भरायचीही वाट न बघता त्यांनी वायरकाकांना फोन लावला. तोंडातल्या फेसामुळे पलीकडे एक अक्षरही धड पोचलं नसेल, तरी वायरकाका म्हणाले, "करू या की!" ताई जाहिरातींवर चालणाऱ्या त्या खाजगी रेडिओ केंद्राच्या कार्यक्रमप्रमुख आणि वायरकाका तिथले तंत्रज्ञ. एकीने बोलायचं आणि दुसऱ्याने ते हवेत सोडायचं, असं दोघांचं गेली पंचवीस वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

घाईला कारणही होतं. धाकट्या मालकांनी ठरवलं होतं, की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून केंद्र संगणकच चालवील. गाणी तोच लावील, मधली वाक्यं तोच बोलील, आणि नऊ माणसांना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवण्यात येईल. वर्धापनदिन त्याच्या आठवडाभर आधी येत होता. त्या एका दिवशी लोकांनी पुन्हा कान टवकारले, फोन खणखणले, तर मालकांचं मन वळेल अशी ताईंना आशा होती, आणि आशेचं बोट मिळालं की त्या धावतच सुटत.

तशी केंद्राने आजवर तीन वेळा कात टाकलेली होती. सुरुवातीला साबणवाल्यांच्या आणि केशतेलवाल्यांच्या श्रुतिका. नायिका बेशुद्ध पडायची आणि शुद्धीवर येते की नाही हे कळायच्या आत साबणाचं गाणं सुरू व्हायचं. मग फर्माइशींचा जमाना आला. पोत्यांनी पत्रं यायची, गाणं तीन मिनिटांचं असेल तर ते मागवणाऱ्यांची नावं पाच मिनिटं चालायची. मग फोनवरच्या गप्पा, त्यात एकाच घरातली सासू एका लाइनवर आणि सून दुसऱ्या. मग नवी गाणी, नुसती नवी गाणी, आणि निवेदकांनी श्वास कधी घ्यायचा याचंही वेळापत्रक. दर वेळी एका सकाळी जुनी धून थांबायची, नवी सुरू व्हायची, श्रोते आठवडाभर शिव्या घालायचे आणि दुसऱ्या आठवड्यात तीच धून गुणगुणत भाजी आणायला जायचे.

रोजच्या नोंदवह्यांवरून हा सगळा पट मांडताना ताईंना एक फट दिसली. श्रुतिका ज्या तारखेला संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी फर्माइशी सुरू व्हायला हव्या होत्या. त्या सुरू झाल्या बाराव्या दिवशी. मधल्या अकरा दिवसांच्या पानांवर सकाळपासून रात्रीपर्यंत एकच ओळ होती : प्रसारण सुरळीत. कार्यक्रमाचं नाव नाही, निवेदकाचं नाही, आणि जिथे सकाळची प्रार्थनासुद्धा दंतमंजनाच्या सौजन्याने व्हायची तिथे अकरा दिवसांत एक जाहिरात नाही.

"बंद असेल केंद्र," वायरकाका म्हणाले.

"बंद केंद्र सुरळीत कसं चालेल?"

"आपलं चालतंच की," वायरकाका म्हणाले, आणि दोघं खो-खो हसली.

ताईंनी त्याच दुपारी हवेतून श्रोत्यांना विचारलं : एक्केचाळीस वर्षांपूर्वीचे ते अकरा दिवस कुणाला आठवतात का? दोन-चार फोन आले तरी पुष्कळ, असा त्यांचा हिशेब होता. पाच मिनिटांत सगळ्या लाइनी भरल्या. एक निवृत्त शिंपी म्हणाला, "अहो, काय दिवस होते ते! मशीनवरचा पाय आपोआप थांबायचा." एका परिचारिकेने सांगितलं, की तिच्या वॉर्डात त्या दिवसांत कुणी कण्हलं नव्हतं. शाळेच्या बसचा एक चालक होता. त्याने भर पुलावर गाडी उभी केली होती, पन्नास मुलं होती आत, आणि एकानेही हूं की चूं केलं नव्हतं.

"पण असायचं काय त्यात?" ताई प्रत्येकाला विचारत होत्या. पलीकडून एक तृप्त हसू ऐकू यायचं. "आता ते कसं सांगू? परत लावताय ना?"

संध्याकाळपर्यंत त्र्याण्णव फोन झाले. त्र्याण्णव जणांनी शेवटी तेच विचारलं, त्याच शब्दांत : परत लावताय ना? फोन घेणाऱ्या मुलीने प्रत्येकाचं वय टिपलं होतं. यादीवरून नजर फिरवताना ताई एका आकड्याशी अडखळल्या.

"हा एकोणतीस वर्षांचा आहे. याचा तेव्हा जन्म तरी झाला होता का?"

"आईने सांगितलं असेल," मुलगी म्हणाली. "पण काय आनंदात होता, ताई! मलाच ऐकावंसं वाटायला लागलं."

ताईंनाही वाटायला लागलं होतं. तीन दिवस त्यांनी आणि वायरकाकांनी मिळून जुन्या टेपांचं कोठार उपसलं. शिंकून शिंकून नाकं लाल झाली, आणि चौथ्या दिवशी सकाळी एका कपाटामागे पत्र्याचा गोल डबा सापडला. वर तारखा, बाकी काही नाही. वायरकाकांनी लेकराला न्हाऊ घालावं तशी ती टेप साफ केली, जुन्या यंत्रावर चढवली, दोघांनी चहाचे कप हातात घेतले आणि बटण दाबलं. खरखर झाली, मग एक तरुण, भरदार पुरुषी आवाज म्हणाला, "नमस्कार."

आणि टेप संपलेली होती. चहावर साय धरली होती. वायरकाकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"काय सुंदर होतं हो, ताई!"

"होतंच," ताई म्हणाल्या. त्यांच्या छातीत परीक्षेचा निकाल लागल्यासारखं काहीतरी उसळत होतं. "पण काय होतं?"

वायरकाकांनी सांगायला तोंड उघडलं, बोट वर केलं, आणि तसंच ठेवलं.

दुसऱ्या खेपेला ताई कागद-पेन्सिल घेऊन बसल्या. ऐकायचं आणि शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा. टेप संपल्यावर त्यांनी पाहिलं तर पान दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं, त्यांच्याच अक्षरात, वळणदार आणि सरळ ओळींत. हो. हो. हो. हो. पानभर दुसरा शब्द नव्हता. क्षणभर त्यांच्या पाठीतून शिरशिरी गेली. पण आनंद एवढा होता, की ती शिरशिरीही त्यातलीच वाटली. एक गोष्ट मात्र त्यांना लख्ख कळली होती. तो "नमस्कार" त्यांच्या वडिलांचा होता.

अप्पा केंद्राचे पहिले निवेदक. पण ताई पाच वर्षांच्या असताना त्यांनी ती नोकरी तडकाफडकी सोडली आणि पुढची सगळी हयात एका ग्रंथालयात काढली, जिथे बोलायला मनाई असते. त्यांच्या घरात रेडिओ नव्हता. लेक त्याच केंद्रावर लागली तेव्हा ते चार दिवस जेवले नाहीत आणि नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. ताईंनी याला म्हाताऱ्याचा तिरसटपणा म्हणून केव्हाच सोडून दिलं होतं. आता त्या घरी आल्या तेव्हा अप्पा खिडकीपाशी मटार सोलत बसले होते.

"अप्पा, टेप सापडली."

अप्पांचे हात थांबले. कुठली टेप, असं त्यांनी विचारलं नाही. "जाळायला सांगितली होती मी."

"जाळायची? लोक वेडे झालेत तिच्यासाठी! काय बोलत होता हो तुम्ही?"

"मला कुठे माहीत? मी आत होतो, काचेच्या आत." अप्पांनी हातातली शेंग सोललीच नाही, नुसती फिरवत राहिले. "नवी श्रुतिका यायला उशीर झाला होता. पाच मिनिटं भरून काढा म्हणाले. मी नमस्कार म्हटलेलं आठवतं, आणि मग घसा दुखत असलेला आठवतो. मधलं नाही. रोज तसंच. काचेपलीकडे माणसं यायची. पहिल्या दिवशी दोन, मग आठ, मग जिना भरला. सगळी हसत. ती मला ऐकत होती, बेबी, आणि मी त्यांची तोंडं बघत बसायचो. मलाही कुणीतरी सांगा, असं व्हायचं."

"मग थांबलं कसं?"

"थोरल्या मालकांनी येऊन वायर उपटली. ठार बहिरे होते ते. रेडिओवाला बहिरा म्हणून अख्खं गाव हसायचं, पण त्या दिवशी जागा माणूस तेवढा एकच निघाला."

"आणि आई? आईने ऐकलं असेल की."

अप्पांनी हातातली शेंग परत टोपलीत टाकली. "मी घरी आलो की तोंड फिरवायची. 'तुम्ही रेडिओतच बरे,' म्हणायची. बंद पडल्यावर मरेपर्यंत तिने मला माफ केलं नाही. लावू नकोस ते."

ताईंना त्यांची दया आली. एवढ्या माणसांना एवढा आनंद दिला आणि स्वतः कोरडा राहिला बिचारा, असं त्यांना वाटलं. नऊ माणसांची नोकरी अप्पांच्या जुन्या दुखण्यावरून ओवाळून टाकायची, हे काही त्यांना पटेना. त्यांनी उरलेले मटार सोलून दिले आणि दुसऱ्या दिवसापासून दर तासाला घोषणा सुरू केली : वर्धापनदिनी, सकाळी अकरा वाजता, मधले अकरा दिवस.

वर्धापनदिन उजाडला तो लग्नघर असावं तसा. आठ वाजता श्रुतिका झाली. फोन घेणारी मुलगी नायिका होऊन इतकी मनापासून बेशुद्ध पडली, की तिचं डोकं खरंच टेबलावर आपटलं. नऊला फर्माइशी झाल्या, दहाला गप्पा. लाइनी तापल्या, धाकटे मालक नवा कोट घालून येरझारा घालत होते आणि दिसेल त्याला "वा, वा" म्हणत होते. संगणकाचं जरा पुढे ढकलू, असंही एकदा म्हणाले. ते ऐकून ताईंना दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं. पावणेअकराला बाहेरच्या जिन्यावर माणसं येऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हटकलं नाही.

अकराला वायरकाकांनी काचेपलीकडून बोट दाखवलं. यंत्र फिरलं, खरखर झाली, आणि तो तरुण आवाज म्हणाला, "नमस्कार." त्यानंतर कटकन वाजलं. एक्केचाळीस वर्षांची फीत तुटली होती आणि तिचं शेपूट चकतीवर फटफट आपटत होतं. वायरकाका डोक्याला हात लावून यंत्राकडे धावले. हवेत शांतता पसरली. एक सेकंद, दोन सेकंद, आणि रेडिओवाल्याला शांततेएवढी भीती मरणाचीही वाटत नाही. ताईंनी झटकन माईक उघडला. वायरकाका फीत जोडेपर्यंत दोन वाक्यं, एवढंच तर बोलायचं होतं.

"नमस्कार," ताई म्हणाल्या.

घशात आग पडली होती. ताईंनी पाण्याच्या पेल्याकडे हात नेला. पेला रिकामा होता. टेबलावर पडलेलं ऊन आता समोरच्या भिंतीवर चढलं होतं आणि घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तुटलेली फीत चकतीवरून तशीच लोंबत होती. ती कुणी जोडली नव्हती.

त्यांनी मान वर केली. काचेपलीकडची खोली माणसांनी भरली होती. वायरकाका होते, कपाळावर टेंगूळ आलेली मुलगी होती, धाकटे मालक जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांच्यामागे दार, दारामागे जिना, सगळा चेहऱ्यांनी भरलेला, आणि प्रत्येक चेहरा हसरा. एकही फोन वाजत नव्हता. खिडकीतून रस्ता दिसत होता. गाड्या जिथल्या तिथे उभ्या होत्या, दारं उघडी होती आणि माणसं आपापल्या जागी शांत बसलेली होती.

सगळ्यांच्या पुढे, काचेला अगदी लागून, अप्पा होते. एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी. ते लेकीला थांबवायलाच धावत आले असणार. काच ठोठावायला उचललेली मूठ अजून तशीच वर होती. पण ती आता सैल पडली होती, आणि अप्पांच्या चेहऱ्यावर जे होतं ते ताईंनी सगळ्या जन्मात तिथे पाहिलं नव्हतं. कुणीतरी त्यांना शेवटी सांगितलं होतं.

ताईंनी माईक बंद करायला बटणाकडे हात नेला. अप्पांनी हळूच मान हलवली, नाही, नाही, आणि लहान मुलासारखे डोळे मिटून घेतले. ताईंचा हात थबकला. खोलीत पंख्याची घरघर त्यांना ऐकू येत होती, घड्याळाची टिकटिक येत होती, बाहेर दूर कुठेतरी उघडं राहिलेलं फाटक वाऱ्याने वाजत होतं, तेही येत होतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपले ओठ मघापासून हलतच आहेत.