नळीतलं जितं

प्रमिलाबाई गेल्याचं धुळ्याच्या प्रयोगशाळेला कळलं ते मंगळवारी. तिथल्या ऋतिकानं धरणगावला फोन लावला. "प्रमिलाबाईंच्या बेडक्यात टीबीचे जंतू वाढलेत, त्यांना घेऊन या," म्हणाली. झिपरूनं, प्रमिलाबाईंच्या नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं.

"ती ते गयी ना, ताई. वीस दिन व्हयनात."

झिपरूला फोन ठेववेना. बाईला अग्नी दिला, राख तापीत सोडली, तेरावा झाला. आणि तिच्या छातीतलं काहीतरी धुळ्यात वाढत होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो धुळ्याला पोचला आणि प्रमिलाचे जंतू कुठे आहेत ते विचारलं.

"त्यात बघायचं काय, नाना?" ऋतिका म्हणाली.

"देखाले नही, लेवाले उनू. राख सोडी तसं हाईबी तापीमा सोडसू."

ती खुर्चीतून उठलीच. "तापीत? खालच्या गावांनी तुमचं काय घोडं मारलंय? नाना, प्रमिलाबाईंना नेणारा रोग आहे तो!"

"माले समजस. पन तिन्हं आते तेवढंच जितं शे."

ऋतिका त्याला आतल्या खोलीच्या दाराशी घेऊन गेली. पुढे जायला बंदी होती. दाराच्या फटीशी कागदाची एक पट्टी चिकटवलेली, ती सारखी आत ओढली जात होती.

"हवा इथून फक्त आत जाते. बाहेर सोडतात ती गाळून."

झिपरूनं नकळत श्वास रोखला. आतल्या, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या माणसानं प्रमिलाच्या जंतूंची बूच लावलेली नळी दाराच्या काचेपाशी धरली. हिरव्या थरावर साईच्या रंगाचे, फुलकोबीसारखे खडबडीत दाणे. तो थर अंडी फेटून करतात म्हणे. प्रमिलाला शेवटी अंडं गिळवत नव्हतं.

"एका दाण्यात कितला व्हतीन?"

"कोटींनी."

झिपरूनं डोक्यावरची टोपी काढली.

"कोणतं औषध लागू पडतं ते तपासायला दोनांतली एक नळी ठेवावी लागते," ऋतिका म्हणाली. "दुसरीतले जंतू आज मारू. थांबता का?"

तो थांबला. भिंतीत बसवलेलं पोलादी यंत्र, एक दार आत, एक बाहेर. कुकरसारखंच, वाफ एकशे एकवीस अंशांची. आतल्या माणसानं नळी पिशवीत घालून यंत्रात ठेवली; तासाभरानं बाहेरचं दार उघडलं. पिशवीवरच्या पांढऱ्या पट्टीवर काळ्या रेघा उठल्या होत्या. वाफ लागल्याची ती खूण. एवढे कोटी, आणि एक आवाज नाही. झिपरूनं हात जोडले. कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

निघताना ऋतिकानं त्याच्या हातात एक डबी दिली. "आता तुमचा बेडका द्या. एका घरात राहिलात, उशीर नको."

"देसू," तो म्हणाला.

आपल्या छातीत प्रमिलाचं काही निघालं तर तेही मारतील, हे एसटीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

ऋतिकाचे दोन फोन येऊन गेले. झिपरूनं बेडका अजून दिलेला नाही.