रबराचा बेडूक

माह्या नवऱ्याले, राजकुमारले, बायको सांभाळता आली नाही, पण मासोळी बरोबर सापडते. स्टील प्लांटमधली ठेकेदाराकडची ड्यूटी सुटली का खुर्सीपारच्या खोलीत पसारा मांडणार. रबराचे बेडूक, रबराची गांडुळं, गळ. तेही स्वयंपाकाच्या ओट्यावर, बाप्पा! बोलली तर लाथ.

लग्न नवं होतं तेव्हा त्यानं मले मोठ्या प्रेमानं शिकवलं होतं. गळ बेडकाच्या तोंडातून घालायचा अन् टोक पुन्हा पाठीच्या रबरात दाबून ठेवायचं. मग तो शेवाळात अडकत नाही, अन् मरळ मासोळीलेही मऊच लागते.

"पिल्लंवाली मरळ भेटली तर मेहनतच नाही," तो म्हणे. "पाण्यावर लाल पिल्लांचा थवा दिसला का बेडूक बरोबर मधात टाकायचा. माय खालून येतेच. पोट भरलेलं असलं तरी येते."

"अन् पिल्लांचं काय होते मग?"

"दुसऱ्या मासोळ्या खातात."

"पण तिले समजत नसन का हो, हे रबर आहे म्हणून?"

तो नुसता हसला.

त्यानं माहं मनगट मोडलं त्या दिवशी मी पोरीले, समृद्धीले, उचललं अन् चरोद्याले भावाकडं आली. नरेशदादा रेल्वेत, यार्डात आहे. पुढं नागपूरच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं, राहाले खोलीही. दुर्गहून दुपारची गाडी होती. त्या गाडीत आम्ही दोघी मायलेकी बसलो पाहिजे, बस, एवढंच मागणं होतं माहं.

पण आमच्या घरची रीत आडवी आली. गाव सोडताना मोठ्यांच्या पाया पडायचं.

"बाप आहे तो," दादा म्हणाला. "पोरगी पाया न पडता गेली तर लोक माह्या तोंडावर थुंकतील."

"थुंकू दे! माहं मनगट मोडलं तेव्हा कुठं गेले होते तुहे लोक?"

खूप भांडली मी. अन् हा शहाणा, मी आंघोळीले गेली तेवढ्यात पोरीले गाडीवर बसवून त्याच्या हवाली करून आला! "एका घंट्यात आणून सोडतो म्हणे," असं मलेच सांगते. शेण खाल्लं मेल्यानं!

मग फोन आला. पोरगीच बोलून राहिली होती, गळाले ती काँटाच म्हणते. "मम्मी, उंगली में काँटा घुस गया! खून आ रहा है! जुनवानीवाले तालाब पे आ जाओ ना, मम्मी!"

मी ओल्या केसांनी ऑटोत बसली.

तलावाच्या काठी एक जीप उभी. आत माही सासू सत्यभामाबाई, अन् तिच्या मांडीवर समृद्धी, कुरकुरे खात. दाही बोटं धडधाकट.

"पापा, मैं अच्छे से रोई ना?" तिनं विचारलं.

"एक नंबर," राजकुमार म्हणाला. त्याच्या हातातल्या पिशवीत मरळ धडपडून राहिली होती. काठाजवळ लाल पिल्लं एकाच जागी फिरून राहिली होती.

मी पोरीले ओढाले गेली तर सासूनं तिच्या पोटाभोवती हात घट्ट आवळले.

"पोरगी घरी चालली," तो म्हणाला. "तुले नागपूरले जायचं तर खुशाल जा. कोणी धरलं तुले?"

इथून दुर्ग गाठलं असतं तर गाडी अजून भेटली असती. मी जीपमध्ये बसली. समृद्धीनं एक कुरकुरा माह्या तोंडाशी धरला. मी खाल्ला.

खुर्सीपार आलं तसं त्यानं मागं वळून पाहिलं. "तू तर मोठी हुशार वो. एवढंही समजलं नाही तुले?"

माही पोरगी खरी रडते तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. फोनवर तिनं मम्मी म्हटलं, तेव्हाच समजलं होतं मले.