चाळीस इंच पाणी

नोरीन फॅसलरने पाटाच्या दाराचे लोखंडी चाक दोन्ही हातांनी धरले आणि साडेतीन फेरे उजवीकडे फिरवले. दाराची फळी करकरत खाली गेली. पाटाचे पाणी क्षणभर मागे रेटले गेले आणि मग पलीकडच्या मोजपट्टीवर उतरत उतरत एकशे साठ इंचांच्या खुणेपाशी थांबले. हे इंच खोलीचे नव्हेत, प्रवाहाचे; या भागात वाहते पाणी जुन्या रीतीने असेच मोजत. जुलैची अठरा तारीख होती. समोरच्या काठावर ओर्व्हल टिबेट्स खिशात हात घालून उभा होता. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, आणि त्याच्या आजोबांच्या काळापासून त्याच्या शेताला पाणी देणारे हे दार दोनशे इंचांवर उघडे राहत आले होते.

"कागदात एकशे साठ आहे, मिस्टर टिबेट्स," नोरीन म्हणाली.

"असेल."

"एकोणीसशे अकराचा कोर्टाचा हुकूमनामा. पान सात. दाखवू का?"

"नको. चष्मा घरी राहिलाय." त्याने पाण्याकडे पाहिले. "तुम्ही वाचलंय म्हणता म्हणजे असणारच. त्यासाठीच तर ठेवलंय तुम्हाला."

"तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा. मी ते नोंदवून घेईन."

"माझं कसलं म्हणणं? ऊन बरं पडलंय आज."

एवढे बोलून तो आपल्या गाडीकडे चालता झाला. नोरीनला हे विचित्र वाटले. पाण्याची चोरी हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. बाराव्या शतकातले मठाधिपती एका गिरणीच्या पाण्यासाठी थेट रोमपर्यंत भांडत गेले होते, आणि चोरी जितकी उघड तितका चोराचा आवाज मोठा होता. मुकाट्याने निघून जाणारा चोर तिच्या टिपणांत कुठेही नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याने असा अपवाद डोळ्याआड केला असता तर तिने त्याला नापास केले असते.

फिलाडेल्फियाच्या एका विद्यापीठात तिने एकोणीस वर्षे मध्ययुगीन इतिहास शिकवला होता. मग विभाग बंद झाला. तसे सांगणाऱ्या पत्रात 'प्रवास' हा शब्द चार वेळा आला होता, 'कृतज्ञता' तीन वेळा, आणि 'बंद' एकदाही नाही. पत्र लिहिणाऱ्याला भाषा येत नव्हती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याला ती फारच चांगली येत होती. नोरीन आयडाहोला निघाली तेव्हा सहकाऱ्यांनी डोळे ओले करून तिला सांगितले की डोंगर माणसाला स्वतःची ओळख करून देतात. नोरीनला स्वतःची ओळख पुरेशी होती, आणि ती वाढवण्याची तिला हौस नव्हती. सॉरेल खोऱ्यातल्या चौदा शेतकऱ्यांच्या पाटाला पाटकरी हवा होता. जुने कागद वाचता यावेत, रोज आठ मैल चालता यावे आणि दारू पिणारा नसावा, एवढ्याच अटी होत्या. तीनही अटी पुऱ्या करणारी ती एकटीच निघाली.

नेमणूक एका हंगामाची होती. पुढच्या वर्षी ठेवायचे की नाही ते ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी चौदा जण ठरवणार होते. मेपासूनच्या तीन महिन्यांत तिला डोळे मिटून प्रत्येक दाराचा आवाज ओळखता येऊ लागला होता. शहरातली खोली विकून झाली होती. आपल्याला इथून जायचे नाही, ही गोष्ट तिने अजून कोणालाच सांगितली नव्हती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटणे तिला काहीसे अशोभनीय वाटत होते. आपली लायकी सिद्ध करण्याचा तिला ठाऊक असलेला एकच मार्ग तिने धरला. टिबेट्सच्या दाराच्या चुकीवर तिने चार पानांचे टिपण लिहिले, त्याला एकवीस तळटिपा जोडल्या आणि चौदाही घरी पोचते केले. बैठकीने मान्य केल्यावर ते राज्याच्या पाणी-कार्यालयात, बॉइसीला जाणार होते.

बैठकीच्या तीन दिवस आधी मायते इचेव्हेरियाने तिला बोलावून घेतले.

मायतेचे शेत पाटाच्या शेवटाला होते. सदुसष्ट वर्षांची ही बास्क वंशाची विधवा तीनशे मेंढ्या एकटीने सांभाळत होती. तिचे दार हुकूमनाम्याप्रमाणे पंधरा जुलैला बंद होत असे. यंदा नोरीनने ते बंद केले तेव्हा मायतेने तिला पाव आणि मेंढीच्या दुधाचे चीज खाऊ घातले होते. आज तिने तिला घरात घेतले नाही. ती तिला थेट खालच्या कुरणात घेऊन गेली.

"बूट काढ," मायते म्हणाली.

"काय?"

"बूट. मोजेही. पायात घालून काही कळत नाही माणसाला."

नोरीनने बूट काढले. गवत पिवळे पडत चालले होते आणि तळव्यांना टोचत होते. माती कोमट होती, भेगाळायला लागलेली.

"गेल्या वर्षी याच आठवड्यात इथं उभी राहिली असतीस तर घोट्यापर्यंत आत गेली असतीस," मायते म्हणाली.

"पण तुमचं दार तर पंधरा जुलैलाच बंद होतं. दर वर्षी."

"दाराचं कोण बोलतंय?"

नोरीनने मान वर केली. कुरण एका उताराच्या पायथ्याशी होते. उताराच्या माथ्यावर काटेरी तार होती आणि तारेपलीकडे ओर्व्हल टिबेट्सचे गवताचे शेत होते.  मग खाली बसून तिने मातीत बोटे खुपसली.

"पाझर," ती म्हणाली.

"शिकलेली बाई आहेस. पंधरा दिवस उशिरा शिकलीस, एवढंच."

मग मायतेने सांगितले. तिच्या नवऱ्याच्या आजोबांना कोर्टाची तारीख कोणी कळवली नव्हती. ते मेंढ्या घेऊन वर डोंगरात होते. तेरा जण गेले, तेरा जणांना अख्ख्या हंगामाचे पाणी मिळाले. चौदाव्याला मिळाले पंधरा जुलैपर्यंतचे, म्हणजे गवत अर्धे वाढेपर्यंतचे. न्यायालयाने त्या माणसावर अन्याय केला असे कोणाला म्हणता आले नसते. त्याचा विचार करायचा राहून गेला, इतकेच. नोरीनने आयुष्यभर वाचलेल्या दस्तऐवजांतली बहुतेक दुष्कृत्ये याच बिनचूक पद्धतीने पार पडली होती, आणि त्या दस्तऐवजांची अक्षरे ओळखता येतात म्हणून तिला एकोणीस वर्षे पगार मिळाला होता.

"टिबेट्सांचे आजोबा त्या तेरा जणांत होते?" तिने विचारले.

"पहिल्या बाकावर. घरी आले आणि त्यांनी आपलं दार चाळीस इंच पाणी जास्त येईल एवढं उचललं. का, ते कोणाला बोलले नाहीत. त्या शेताला एवढं पाणी लागतच नाही. उरलेलं मुरतं आणि माझ्याकडे उतरतं. शंभरावर वर्षं झाली."

"आणि हे ओर्व्हलनी तुम्हाला सांगितलं?"

"ओर्व्हल? तो मरेल पण सांगायचा नाही. त्याला वाटतं मला ठाऊकच नाही." मायतेला हसू आले. "दर ऑगस्टला तारेपाशी येतो. 'काय मायते, यंदा गवत बरं आलंय तुझं!' मी म्हणते, 'देवाची कृपा, बाबा.' की लगेच कानापर्यंत लाल होतो आणि मेंढ्यांचं विचारतो."

"मी त्यांच्याशी बोलते."

"काय बोलशील? मायतेला कळलंय म्हणून? मग मला उपकार मानायला लागतील आणि त्याला ते घ्यायला लागतील. आमचं दोघांचं वय नाही राहिलं तसल्या गोष्टींचं."

"मग बैठकीत रीतसर ठराव करू. चौदांची संमती असेल तर—"

"ठराव!" मायतेने हात झटकला. "टिपण बॉइसीला जातं. चाळीस इंच जास्तीचं आहे असं तिथल्या साहेबाने एकदा वाचलं की ते पाणी खालच्या धरणाचं. अगं, लिहिलं नाही म्हणून तर टिकलं एवढी वर्षं." ती कुरणाकडे वळली. तिचा आवाज खाली आला. "आणखी आठ दिवस. मग मुळं जातात. दुसरी कापणी नाही म्हणजे हिवाळ्याचा चारा नाही. मेंढ्या विकाव्या लागतील."

नोरीन गाडीत जाऊन बसली. तिने हुकूमनाम्याची प्रत काढली आणि पान सात उघडले. कुठे शाईचा डाग असावा, एखादा आकडा पुसट असावा, घडीची रेघ नेमकी तिथून गेलेली असावी, अशी आशा तिने आयुष्यात प्रथमच केली. लेखनिकाचे अक्षर दुर्दैवाने अतिशय सुरेख होते.

बैठक गावच्या फायर इंजिनच्या शेडमध्ये भरत असे. गुरुवारी सायंकाळी इंजिन बाहेर काढून त्या जागी घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ओर्व्हल अध्यक्ष होता. मायते मागच्या रांगेत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. तिने नोरीनकडे पाहिले नाही.

"प्रोफेसरबाई, तळटिपा झकास होत्या बरं का," वेस्ली स्टॉडर्ड म्हणाला. खोऱ्यातली सगळ्यात जास्त गुरे त्याची, आणि जीभही. "बायको मोठ्यानं वाचत होती. तिसरीला मला झोप लागली. डॉक्टरच्या गोळ्यांनी लागत नव्हती."

शेडभर हशा पिकला. ओर्व्हलने टेबलावर बोटे वाजवली.

"पाटकऱ्यांचं टिपण. बोला, मिस फॅसलर."

नोरीन उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता, आणि हात कुठे ठेवावेत ते तिला सुचेना.

"ते टिपण मी मागे घेते," ती म्हणाली. "माझी वाचण्यात चूक झाली."

बिया सोलण्याचा आवाज थांबला.

"चूक?" स्टॉडर्ड म्हणाला. "चार पानं लिहून?"

"जुनं अक्षर आहे. मला ते नीट लागलं नाही. मिस्टर टिबेट्सांचं दार दोनशे इंचांवर होतं, ते योग्य होतं. उद्या सकाळी मी ते होतं तसं करते. त्यांना त्रास झाला, त्याबद्दल मी माफी मागते."

ओर्व्हल तिच्याकडे पाहत राहिला. मागच्या रांगेकडे न पाहण्यासाठी त्याला मान ताठ धरावी लागत होती.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "तुम्हाला जुने कागद वाचता येत नाहीत."

"कधी कधी येत नाहीत."

"बैठकीच्या नोंदीत लिहावं लागेल तसं."

"लिहा."

चिटणिसाने लिहिले आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवले: पाटकरी नोरीन फॅसलर यांनी हुकूमनाम्याच्या वाचनात आपली चूक झाल्याचे मान्य केले. एकोणीस वर्षांच्या विद्वत्तेचे हे पहिलेच अधिकृत मूल्यमापन. नोरीनने ते उभ्यानेच ऐकले आणि ती खाली बसली.

मग स्टॉडर्डने घसा खाकरला.

"तिचा काय दोष?" तो म्हणाला. "ते पान मुळातच भिजलेलं आहे. माझ्या बापालाही कधी लागलं नाही."

"उंदरानं खाल्लंय ते," दुसरा कोणी म्हणाला.

"खाल्लंय आणि भिजलंयही," तिसऱ्याने भर घातली.

त्या खोऱ्यातल्या कोणीही गेल्या तीस वर्षांत ते पान पाहिले नव्हते. नोरीनने मान खाली घालून बुटांकडे पाहिले, आणि तिला कळले की शेडमधल्या साऱ्यांत चाळीस इंचांची गोष्ट माहीत नसलेले माणूस आजवर ती एकटीच होती.

"पुढचा विषय," ओर्व्हल म्हणाला. "पुढच्या हंगामाचा पाटकरी." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "नोरीन, लाकूड किती भरलंयस?"

"लाकूड?"

"हिवाळ्याचं. जाळायला."

"काहीच नाही अजून. मला वाटलं, आधी ते ठरेल आणि मग—"

"ऑगस्ट लागला आणि काहीच नाही!" ओर्व्हलने सगळ्यांकडे साक्षीला बोलावल्यासारखे पाहिले. "पाटकऱ्याच्या त्या घरात फटींतून वारा शिरतो. सात गाड्या लागतील."

"सहा पुष्कळ झाल्या," स्टॉडर्ड म्हणाला. "एकटी बाई आहे. माझ्याकडं पाइन पडलंय, शनिवारी देतो आणून."

"पाइन नको. धुरांडं भरतं त्यानं. लार्चचं लाकूड दे."

"लार्च स्वतःला ठेवलंय मी."

"म्हणून तर म्हणतो, ते दे."

"लार्च असेल तर पाच पुरतील," मागून मायते म्हणाली. "पण फोडणार कोण? तिला कुऱ्हाड धरता येते का, विचारा आधी."

"शिकेल," ओर्व्हल म्हणाला.

"पाय तोडून घेईल."

"मत घ्यायचं ना?" चिटणिसाने विचारले.

"कसलं मत?" ओर्व्हल त्याच्यावर खेकसला. "लाकडाचं चाललंय ना अजून."

वाद चांगलाच पेटला. सहावाल्यांच्या बाजूला पाच जण झाले, पाचवाल्यांच्या बाजूला तिघे, आणि ओर्व्हल सातावर एकटाच अडून बसला. कोणीतरी १९८९ च्या हिवाळ्याचा विषय काढला. नोरीनने हात वर केला, पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. तेव्हा हात खाली घेऊन ती इतरांसारखीच मोठ्याने बोलली.

"सात," ती म्हणाली. "मला थंडी फार वाजते."