सैल पट्टीची कातर

मी मेंढ्यांची लोकर कातरणारी कातर बोलतेय. माझी पाती इतर कातरींसारखीच. फक्त खालच्या पात्याला एक वाकवलेली पट्टी खिळ्यावर सैल डुलते. कातडीची सुरकुती आली की पट्टी तिला आधी बाजूला सारते. मेंढीला जखम होत नाही.

मला फुलाबाईनं घडवलं. दक्षिण सोलापूरच्या माळावर तिचा कळप. तिनं पेटंट मागितलं, अधिकाऱ्यानं अर्ज फेटाळला. एका जुन्या परदेशी पेटंटच्या चित्रात पट्टी होती, दुसऱ्यात खिळा. 'दोन्ही जोडणं कुणालाही सुचेल,' असं त्यानं लिहिलं. तोवर बाजारात माझ्यासारख्या कातरी दुसऱ्याच्याच शिक्क्यानं विकल्या जात होत्या.

अपील उच्च न्यायालयात गेलं. सुनावणी स्क्रीनवर, सोलापुरातल्या वकील सिद्धेश्वरीच्या ऑफिसातून. फुलाबाईचा हात माझ्यावर होता.

न्यायमूर्तींनी मला कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. "हे तर साधंच दिसतंय."



"साहेब, एकदा पाहिल्यावर साधं दिसतंय," सिद्धेश्वरी म्हणाली. "त्या जुन्या चित्राखालीच लिहिलंय, पट्टी घट्टच हवी."

"मग बाई, सैल ठेवायचं तुम्हाला कसं सुचलं?"

जपून बोला, असं सिद्धेश्वरीनं डोळ्यांनी खुणावलं. फुलाबाईनं पाहिलंच नाही.

"सुचलं न्हाय साहेब. खिळा झिजला, पट्टी आपसूक सैल झाली."

स्क्रीनवर सरकारी वकील पुढं सरकले. "म्हणजे अपघात!"



"व्हय की. पर मला बी ते बिघडल्यालंच वाटलं. तीनदा ठोकून घट्ट केली, तिन्ही येळा मेंढीला रगात आलं. मंग चौथ्यांदा मुद्दाम सैल ठिवली. कातर माज्या हातात, मेंढी माज्या म्होरं, तरी मला कळायला तीन हंगाम लागलं."

न्यायमूर्ती बराच वेळ लिहीत राहिले.

पंधरा दिवसांनी आदेश आला. फेटाळणी रद्द, दुसऱ्या अधिकाऱ्यानं नव्यानं निर्णय द्यावा.

"म्हंजी जिकलो का वकीलबाई?"

"अजून नाही, फुलाबाई."

तेव्हापासून मी सिद्धेश्वरीच्या कपाटात आहे. नमुना जसाच्या तसा राहायला हवा, म्हणून मला धारसुद्धा लावत नाहीत.

नवे साहेब, एक विनवणी आहे. मला लगेच बाहेर काढू नका. आधी एखादी मेंढी धरा, तिची सुरकुती चिमटीत घ्या, आणि ती कापली जाऊ नये म्हणून काय कराल ते कागदावर लिहा. मग कपाट उघडा.