कडू बट्ट्या आणि गोटीची बाटली

मित्रांनो, पाचोऱ्याच्या स्टेशनाबाहेर कमलबाईंची सोड्याची गाडी उभी असते. तिच्यावरच्या लाकडी खोक्यात, डावीकडून तिसऱ्या घरात, हिरवट अंगाची आणि चिमटलेल्या मानेची एक जुनी बाटली दिसेल. ती मी.

माझा जन्म भट्टीतला. काच लालभडक असतानाच कारागिराने माझी मान दाबली आणि आत एक गोटी सोडली. काच निवल्यावर तोंडाशी रबराची चकती बसली. यंत्रात आडवी-उलटी फिरून गॅस घ्यायचा आणि गोटी वर ढकलून आपलं तोंड आपणच बंद करायचं, हा माझा धंदा. गोटी दाबली की असा आवाज निघायचा की, शिट्टी झाली असं समजून फलाटावरची माणसं दोनदा चुकीच्या गाडीत चढली. एक गृहस्थ तर सुरतेला जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी पुन्हा सोडाच मागितला.

पुढे कमलबाईंच्या मुलाने, कुंदनने, फ्रीज आणला आणि आमचं खोकं गोणपाटाखाली गेलं. रबर सुकलं, बुडाशी धूळ बसली. येत्या सोमवारी आम्हाला भंगारात द्यायचं ठरलं. त्याच आठवड्यात कुंदनने जळगावच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून तीन तऱ्हेच्या बाटल्या स्वस्तात उचलून आणल्या.

कमलबाईंनी विचारलं, "इतल्या तऱ्हा कसाले रे?"

"माय, पाणी आन् गॅस. बठ्ठा सोडा एकच शे," कुंदन म्हणाला.

शुक्रवारी शेजारच्या मैदानात प्रेमराजनानांच्या नातीचं लग्न होतं. वरण आणि बट्टी, म्हणजे तुपात तळलेले कणकेचे गोळे, अशी पंगत; आचारी चुडामणभाऊ. हा माणूस बट्टीचं पीठ ताज्या सोड्यात मळायचा. तीच त्याची ख्याती. त्याची बट्टी तुपात पडली की हलकी होऊन तरंगायची. मी तर एक बट्टी मांडवाच्या झालरीपर्यंत उडालेली पाहिली आहे. त्या दिवशी कुंदनने त्याला हाताला लागल्या त्या चंदेरी झाकणाच्या बाटल्या पोचवल्या.

पहिला घाणा निघाला तो वेळेआधीच तांबूस. चुडामणभाऊंनी तुकडा तोंडात टाकला आणि तोंड कसनुसं केलं. तुपाचा डबा हुंगला, पीठ चाखलं. मग तडक गाडीवर आले.

"कमलअक्का, बट्टी कडू व्हयनी. तासभरात दोनशे पानं बसतीन. चाळीस वरीसनं नाव आज जाई मनं."

कमलबाईंनी गाडीवरची फळी पुसून तिन्ही तऱ्हांच्या बाटल्या फोडल्या आणि एकेक घोट घेतला. पहिली जिभेला चावली आणि काही मागे न ठेवता गेली. "हाऊ साधा सोडा. नुसतं पाणी आन् गॅस." दुसरीच्या शेवटी अश्रूसारखी पुसट खारट चव राहिली. "हाऊ क्लब सोडा. यात क्षार घालतंस. बीपीवाल्यानी इचारीसन पेवाना." तिसरी, चंदेरी झाकणाची, आधी गोड लागली आणि मग घशात कडूपणा उतरला. त्यांनी ती कुंदनपुढे धरली. "आनि हाई टॉनिक वॉटर. हिवतापनं औषध ज्यानं करतंस, त्या क्विनाइनना कडूपणा शे यात. वर साखर. म्हनीसनच बट्टी आधी लाल व्हयनी, मंग कडू."

कुंदनने घोट घेतला आणि उरलेल्या बाटल्या मोजल्या. मग म्हणाला, "साध्या तं दोनच बाटल्या उरन्यात, माय."

"मशीन शे ना," कमलबाई म्हणाल्या. "आनि गोणपाट उचल."

मित्रांनो, उजेडात आले तेव्हा माझी अवस्था सांगण्यासारखी नव्हती. कुंदनने ब्रशने मला आतून इतकं घासलं की, दोन-तीन जुन्या आठवणीसुद्धा निघून गेल्या. मला यंत्रात लावलं, गॅस आला, आणि माझ्या तोंडातून फुसकन् सगळा निघून गेला. सुकलेलं रबर. चुडामणभाऊ मांडवाकडे बघत होते. तिकडे पत्रावळी मांडायला सुरुवात झाली होती. कमलबाईंनी डब्याच्या तळातून नव्या चकत्या काढल्या आणि एकेकीच्या तोंडात बसवल्या. कुंदनने दांडा फिरवला. या वेळी गोटी वर गेली आणि घट्ट बसली.

आम्ही छत्तीस बहिणी पाच वेळा भरलो, पाच वेळा परातीत रिकाम्या झालो. पंगत पाऊण तास उशिरा बसली. व्याही आधी रुसून बसले होते. नंतर अकरा बट्ट्या खाऊन त्यांना उठताच येईना, तेव्हा पाटासकट उचलून गाडीत ठेवलं. कडू पीठ प्रेमराजनानांच्या म्हशीपुढे टाकलं, तर ती नानांकडे पाठ करून उभी राहिली.

संध्याकाळी चुडामणभाऊ गाडीवर आले, मला हातात घेऊन कुंदनला म्हणाले, "भाऊ, सोमवारे भंगारवाला उना तं त्याले मनाकडे धाड. हाई खोकं मी लिसू."

"ते इकाले नही शे," कुंदन म्हणाला आणि मला त्यांच्या हातातून काढून घेऊन धुवायला बसला.

मित्रांनो, जगात बुडबुड्यांची पाणी पुष्कळ आहेत. काही तर म्हणे जमिनीतूनच आपले क्षार आणि गॅस घेऊन वर येतात. त्यांची-माझी भेट नाही, म्हणून त्यांच्याबद्दल मी खोटं सांगणार नाही. पण फेस पाहून कोणालाही सोडा म्हणू नका. बाटली फिरवा, मागची बारीक अक्षरं वाचा. साखर किती, क्षार किती, ते बघा. माझ्या अंगावर अक्षरं नाहीत. मला वर्षातून एक रबराची चकती आणि रोज ब्रशचा एक हात द्या. आत काय आहे ते मी पहिल्या घोटात सांगेन.