बगळे, बायका आणि दोन अर्ज

थोरल्या भावाला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात खोल्या दोन आणि रडणाऱ्याही दोघी, म्हणून मला आत्याकडे राहायला पाठवलं. मी एकोणीस वर्षांची, टोप्यांच्या दुकानात शिवणकामाला. बगळ्यांचे पांढरे तुरे बायकांच्या टोप्यांना टाचायचे, हे माझं काम. आणि आत्या नेमकी त्याच बगळ्यांवर जीव टाकणारी. संध्याकाळी दारातच विचारायची, "या बाईसाहेब. आज किती पक्षी मारलेत?"

"मी फक्त सुई मारते, आत्या."

"तेच ते. चल, जेवायला बस."

आत्याला दोन वेडं होती. बायकांना मत देता आलं पाहिजे, हे एक. गावाबाहेरची पाणथळ वाचली पाहिजे, हे दुसरं. सगळे बगळे तिथेच अंडी घालत. नगरसभेला तिथे भराव टाकून गुदाम बांधायचं होतं. तीनशे मतदारांच्या सह्यांचा अर्ज आला तरच काम थांबणार होतं, आणि मतदार म्हणजे अर्थातच पुरुष. घरट्यांत पिल्लं होती. मातीच्या गाड्या सोमवारी निघणार होत्या.

आत्याने तिथे गळ टाकणाऱ्यांना आणि बोरूचं गवत कापणाऱ्यांना एकेक करून गाठलं, पाणथळीसाठी तीनशे दहा पुरुषांच्या सह्या मिळवल्या. मताच्या अर्जासाठी चारशे बायकांच्या सह्या आधीच घरात होत्या. तिची पद्धत अशी, की मजकूर फक्त पहिल्या कागदावर, बाकीच्यांवर नुसत्या सह्या. मग सगळे एकाखाली एक शिवून लांब गुंडाळी करायची.

सभेच्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "पाणथळीच्या मजकुराला पुरुष जोड, मताच्या मजकुराला बायका. जमेल ना?"

"शिवायचंच तर आहे."

मला वाचता येत नव्हतं. ते मी तिच्यापासून लपवलं होतं. चित्र बघून वर्तमानपत्र सुलटं धरायची आणि मान डोलवायची. मग मी डोकं चालवलं. आत्या बगळ्यांवर तास तास बोलायची आणि मताचं दोन वाक्यांत आटपायची. म्हणजे लांबलचक मजकूर बगळ्यांचाच असणार. पुरुषांचे कागद ओळखणं सोपं होतं, त्यांना माशांचा वास येत होता. ते लांब मजकुराला जोडले आणि वर दुहेरी टीप घातली.

सभागृह भरलं होतं. कारकुनाने पहिली गुंडाळी उलगडून वाचायला घेतली. "आम्ही खाली सही करणारे मागणी करतो की स्त्रियांना मताचा हक्क मिळावा." पुढे दीड पान कारणं. मग तो नावं वाचू लागला, आणि पहिलंच नाव निघालं सभापतींच्या सासऱ्यांचं. सगळीकडे खसखस पिकली.

आत्याने माझा दंड धरला. "काय केलंस हे?"

"लांब मजकूर बगळ्यांचा ना?"

"बगळे दोन ओळींत समजतात गं. बायकांचं पुरुषांना समजवायला दीड पान लागलं." मग तिच्या ध्यानात आलं. "तुला वाचता येत नाही?"

"नाही," मी माझ्या चपलांना सांगितलं. माझ्या पायी चारपाचशे पिल्लं मातीखाली जाणार होती.

सासरे पुढच्याच खुर्चीत बसले होते. निवृत्त न्यायाधीश, आणि गळ टाकून बसण्याचे भारी शौकीन. न वाचता सही करणाऱ्यांना त्यांनी तीस वर्षं झापलं होतं.

"मामा, ही सही तुमची?" सभापतींनी विचारलं.

"माझीच."

"न वाचताच केलीत वाटतं?"

सासऱ्यांचे कान लाल झाले. "मी? न वाचता? अक्षर न् अक्षर वाचून केली."

झालं. न्यायाधीशांनी वाचून केली म्हटल्यावर मागे बसलेले सगळेच वाचून करणारे निघाले. माना डोलायला लागल्या.

सभापतींनी दुसरी गुंडाळी बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. "पाणथळीच्या अर्जावर सगळ्या बायकाच आहेत. या सह्या मोजता येणार नाहीत."

आत्या उठली. "तीनशे दहा मतदार आत्ताच सांगून बसलेत, की बायकांचं मत मोजा. त्यांचं ऐकायचं नसेल, तर तसं त्यांच्या तोंडावर सांगा."

सभापतींनी खुर्च्यांवरून नजर फिरवली. निवडणूक वसंतात होती.

"मोजा, जावईबापू," सासरे म्हणाले. "चारशेच तर आहेत."

कारकुनाने मोजल्या. चारशे सहा भरल्या. भराव थांबला.

घरी येताना आत्या भर रस्त्यात दिव्याच्या खांबाला धरून हसत होती. मीही हसत होते, मधेच रडतही होते. दुसऱ्या दिवशी मात्र ती प्रत्येक सही करणाऱ्याच्या दारात जाऊन खरं काय झालं ते सांगून आली. नऊ जणांनी नाव काढून घेतलं. सासऱ्यांनी दार लावून घेतलं, पण नाव ठेवलं.

मी टोप्या सोडून सदरे शिवायला लागले. आत्याने माझ्यासाठी पाटी आणली. ती मी चाळीस वर्षं टाळली, तो भाग वेगळा.

बायकांना मत मिळायला आणखी अकरा वर्षं लागली. आत्याने एकदाच मत दिलं. त्याच वर्षी, हिवाळ्याच्या दुसऱ्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी आत्या न्यूमोनियाने वारली.