नमुना आलाय

सासऱ्यांच्या तोंडी एक शब्द कायमचा मुक्कामाला होता: नमुना. पोटचा मुलगा चष्मा डोक्यावर ठेवून तोच घरभर शोधायचा, म्हणून नमुना. कुकरला शिट्टी न लावताच वाट बघत बसणारी सून, तीही नमुनाच. "आमच्याकडे माणसं नाहीत, नमुने आहेत," असं ते डायलिसिसच्या खुर्चीत पाय पसरून शेजारच्याला सांगायचे. सून त्याच विभागात टेक्निशियन, आणि सुई तिनेच टोचायची असा त्यांचा हट्ट.

त्या दुपारी त्यांचं मशीन सुरू करून ती वळली, तोच भिंतीवरचा फोन वाजला. पाण्याच्या खोलीतले काका होते.

"ताई, नमुना आलाय."

नवरा शाल घेऊन यायचा होता. ती म्हणाली, "बसवा त्याला. शाल विसरला असेल तर म्हणावं, आल्या पावली परत जा."

"साहेब नव्हेत हो. बाटलीतला नमुना. बाटली भरली."

डायलिसिसच्या पाण्यावर एक यंत्र डोळ्यांत तेल घालून बसलेलं असे. काही वावगं दिसलं की त्या क्षणाचं पाणी ते आपोआप बाटलीत धरून ठेवी. बसवल्यापासून बाटली कोरडी ठणठणीत होती. काका तिच्यावर फडका टाकत.

"सगळी मशीन थांबवा," ती नर्सला म्हणाली. "नळ्यांतलं रक्त परत द्यायचं नाही. कुणालाच."

मग ती धावली. बाटलीतलं पाणी इतकं नितळ की पिऊन टाकावं. तिने तपासणीचे थेंब टाकले, आणि पाणी गुलाबी झालं. क्लोरीन. ते अडवणारी कोळशाची टाकी दमली होती. असलं पाणी मशीनमध्ये गेलं की रक्तातल्या पेशी फुटतात.

शालीवरून टोमणा मारायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ हे पाणी बाबांच्या मशीनमधून वाहत होतं.

तिने सगळ्यांचं रक्त घेतलं. बाबांच्या नळीवर चिकटपट्टी लावताना ती दोनदा वाकडी बसली.

"काय गं, एवढी पांढरीफटक का पडलीस?"

"काही नाही बाबा. पडून राहा."

रक्त गरगर फिरवणारं यंत्र थांबेपर्यंत ती त्याच्या झाकणावर हात ठेवून उभी होती. नळीत रक्तावर साचलेलं पाणी गुलाबी, तर पेशी फुटल्या; पिवळं, तर शाबूत. एकेक नळी तिने उजेडात धरली. पिवळं. पिवळं. बाबांचीही पिवळी. तिने ती पुन्हा बघितली, मग खिडकीशी नेऊन पुन्हा.

परत आली तेव्हा नवरा दारात उभा होता. चष्मा डोक्यावर, हात रिकामे.

"शाल घरीच राहिली," तो म्हणाला.

बाबांचे डोळे चमकले. शब्द ओठांवर आला होता. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"बाबा, आज तो शब्द नको."